व्यवधान: लक्ष की लक्षातला मोडता?

उंबरठा: इथे गोव्यात आमच्या चर्चमध्ये दोन दिवसांची रेतीर, म्हणजे प्रार्थना-चिंतनाचं शिबिर, आहे. टिपणं कोकणीत आहेत, ती बेळगाव-कोल्हापूरकडून इथे कामाला आलेल्या कुटुंबांसाठी मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय असा की रोजच्या धबडग्यात देव बोलतो, ते ओळखायचं कसं. मी लिहिलं, 'स्वयंपाक करतानाही एक व्यवधान देवाकडे असू द्यावं.' फादरांनी लाल रेघ मारली. म्हणाले, व्यवधान म्हणजे अडथळा, तुम्ही उलटंच लिहिलंय. पण आमची आजी जन्मभर म्हणायची, 'गप्पा मारा, पण एक व्यवधान दुधाकडे असू दे.' दूध उतू जाऊ दे असं तर तिला म्हणायचं नव्हतं ना?

शुद्धमती: फादर बरोबर आहेत. वि + अव + धा, मध्ये ठेवलेलं ते व्यवधान, म्हणजे पडदा, आडकाठी. आजींना 'अवधान' म्हणायचं असणार. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच श्रोत्यांकडे अवधान मागतात, व्यवधान नव्हे.

डिचोलीकर: मग 'हजार व्यवधानं सांभाळावी लागतात' हे काय? अडथळे कोणी सांभाळत बसतं का? सगळेच 'चुकत' असतील तर ती चूक नव्हे, तो अर्थ झाला. संस्कृतला विचारून कोणी दूध तापवत नाही.

शुद्धमती: 'अपरोक्ष' म्हणजे मुळात डोळ्यांसमोर, पाठीमागे नव्हे. उद्या त्याचाही असाच निवाडा कराल.

डिचोलीकर: तो लोकांनी माझ्या अपरोक्षच करून टाकलाय.

चारउंडे: मला तर दोन्ही अर्थ हवेत. बायबलमधला शमुवेल पोरगा मंदिरात निजलेला असतो. हाक येते आणि तो तीनदा उठून म्हाताऱ्या एली याजकाकडे धावतो. देवाची हाक त्याला म्हाताऱ्याची वाटली, म्हणजे झोपमोडच की! हे व्यवधान तुमच्या कुठल्या अर्थाचं?

आमच्याकडे संध्याकाळी तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चालू असते आणि नेमका तेव्हाच पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत येतो. ममी 'नमान मोरिये' ही मारियेची प्रार्थना मध्ये तोडत नाही. मणी अंगठ्याखाली दाबून धरते नि दुसऱ्या हाताची चार बोटं मला दाखवते. मी पळत जाऊन चार उंडे, म्हणजे गोल पाव, आणते. मी परत येते तोवर तिचा मणी पुढे सरकलेला असतो. आमेन झाल्याबरोबर पहिला प्रश्न, 'सुटे मोजून घेतलेस मगो?' आता तिचं लक्ष होतं की नव्हतं, तुम्हीच सांगा.

जुनीपोथी: येशू घरी आला असता कामात गुंतून गेलेली मार्था आठवली. लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात तिच्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याचा अर्थ चहूकडून ओढलं जाणं. अडथळा नाही नि विक्षेपही नाही. मी 'तारांबळ' सुचवेन.

शुद्धमती: तारांबळ 'ताराबलं चंद्रबलं'वरून आली म्हणतात. रेतीरीत मंगलाष्टकं?

डिचोलीकर: का नकोत? फादर थॉमस स्टीफन्सने 'ख्रिस्तपुराणा'त अख्खी ख्रिस्तकथा मराठी ओवीत सांगितली, ती १६१६ मध्ये इथल्याच रायतूरला छापली गेली. ओवी तरी कुठे ख्रिस्ती होती?

जुनीपोथी: डोंगरावर देवाची वाट पाहणाऱ्या एलिया संदेष्ट्याची गोष्टही टिपणात घ्या. वाऱ्यात देव नाही, भूकंपात नाही, आगीत नाही. त्यानंतर हिब्रूत येतं 'कोल दमामा दक्का', अक्षरशः बारीक निःशब्दतेचा आवाज. 'मंद वाणी' म्हटलं की त्यातली शांतता निसटते. कोकणीत आवाजाला 'ताळो' म्हणतात. आपलं 'ताळ्यावर येणे' त्यावरूनच आलं असावं, असं माझं जुनं मत आहे.

शुद्धमती: अहो, तो ताळा हिशेबाचा! ताळेबंदातला.

जुनीपोथी: आवाज ओळखला की माणूस ताळ्यावर येतो, यात न पटण्यासारखं काय आहे?

शुद्धमती: पटण्याचा नि व्युत्पत्तीचा संबंध नाही.

चारउंडे: संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आला तेव्हा हातात घंटा घेऊन रस्तोरस्ती पोरं गोळा करायचा म्हणे. घरात कामाला बसलेल्यांना तेही पों पोंच वाटलं असेल.

उंबरठा: फादरांना दोन्ही अर्थ सांगितले. ते म्हणाले, वाक्यच काढा. काढलं. चारउंडे, तुमच्या ममीचा दाबून धरलेला मणी घालू का त्या जागी? उद्या छपाई आहे.

चारउंडे: घाला, पण सुट्यांचं नको. ममी वाचेल.

डिचोलीकर: आणि 'पोदेर' लिहा हो, 'पदेर' नव्हे. सगळ्या पाट्यांवर 'ओ' असतो.

शुद्धमती: त्या पाट्या रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, असतात. रोमी कोकणीतला ओ म्हणजे आपला अ. मूळ पोर्तुगीज शब्दातही 'प'च आहे.

डिचोलीकर: आता पोर्तुगीजांना विचारून पाव घ्यायचा का?