कपातीने सही हलणार नाही

‘सरकारी कचेऱ्यांतले बाबू फुकटचा पगार खातात, निम्मे घरी बसवा’ असं काही जण म्हणतात. चीड रास्त आहे, पण पटलं नाही. कुऱ्हाड पडते ती खिडकीतल्या कंत्राटी पोरांवर. सही अडवणारा मात्र कायमच्या नोकरीत असतो, त्याला धक्का लागत नाही. आमच्या पेठेजवळच्या कचेरीत दोन ऑपरेटर कमी झाले, रांग जिन्यापर्यंत गेली, आणि लोकांच्या शिव्या उरलेल्या एकटीनं खाल्ल्या. फार वाईट वाटलं.

जाब विचारायचाच तर महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखल्यासारख्या सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा. अर्जाची पोच घ्या, मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील टाका. विनाकारण उशीर सिद्ध झाला तर दंड ५०० ते ५,००० रुपये, आणि तो त्या अधिकाऱ्यालाच. भावाचा अडकलेला दाखला अपील टाकल्यावरच हलला.