अनुभव धागा : वॉर्डातली टीम एकमेकींवर भरवसा कधी ठेवते?

इन्चार्ज सिस्टर, स्टाफ, ब्रदर, सगळ्यांनी लिहा. तत्त्वं नकोत; वॉर्डात नेमकं काय केल्याने फरक पडतो तेवढंच सांगा.

इन्चार्ज, मेडिकल वॉर्ड
ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं, बेडजवळच घ्या. वहीतून वाचलेली ओव्हर नाव, निदान आणि सलाईनवर संपते. चादर उचलली की टाचेवरची लाली, सलाईनची सुई टोचलेली, सुजलेली जागा, भरत आलेली युरीन बॅग दिसते. औषध सोडणाऱ्या पंपचा रेट ओव्हर घेणारीने स्वतः वाचून डॉक्टरांच्या ऑर्डरशी ताडायचा. राहिलेलं काम 'राहिलं' म्हणून सांगता आलं पाहिजे. नातेवाइकांसमोर झापलं तर पुढच्या वेळीही काम राहतंच, फक्त कुणी बोलत नाही.

आयसीयू स्टाफ
चूक कळली की इन्चार्जचा पहिला प्रश्न 'पेशंट कसा आहे?' हाच हवा. 'कुणी केलं?' नंतर. इन्सुलिनचंच घ्या. मिलीला 40 युनिट असलेल्या व्हायलला (औषधाच्या बाटलीला) लाल टोपीची सिरिंज, 100 च्या व्हायलला नारिंगी. 100 च्या व्हायलमधून लाल सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर अर्धा मिली, म्हणजे 50 युनिट जातात, अडीचपट! हे लगेच सांगितलं तर शुगर तपासून, डॉक्टरांना बोलावून पेशंट सांभाळता येतो. मेमोच्या, म्हणजे लेखी जाब विचारला जाण्याच्या, भीतीने तासभर लपवलं, तर तो तास पेशंटच्या जिवावर बेततो. मेमोने ट्रे बदलत नाही. दोन्ही व्हायल एकाच ट्रेत असतील तर आधी त्या वेगळ्या करा आणि दोघींनी सिरिंज पाहिल्याशिवाय डोस देऊ नका.

परिसेविका, सर्जरी
सगळ्यात जास्त मनं दुखावतात ती ड्युटी चार्टवरून. चार्ट महिना सुरू होण्याच्या आठवडाभर आधी लावा. नाईटचा हिशोब वर्षभर एकाच वहीत ठेवा आणि ती वही सगळ्यांना बघू द्या. गौरी-गणपती की दिवाळी, एकच मोठा ऑफ; यंदा दिवाळी मिळाली तर पुढच्या वर्षी दुसरीला. अदलाबदल तोंडी नाही, दोघींच्या सह्या हव्यात. आणि नाईटला माणूस कमी पडलं तर इन्चार्जने फोन उचलायचा, हे तर आलंच.

ब्रदर, कॅज्युअल्टी
इमर्जन्सी ट्रॉली दर ड्युटीला तपासायची: लॅरिंगोस्कोपचा (घशात नळी घालताना वापरायच्या उपकरणाचा) बल्ब पेटवून, अँबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबून, अ‍ॅड्रेनलिनचे अँप्यूल मोजून. ऑक्सिजन सिलिंडरची चावी साखळीने बांधलेली असावी. इन्चार्जने आठवड्यातून एकदा स्वतः तपासून त्याच रजिस्टरमध्ये सही करावी.