पट्टीआधी वीत, आणि सातवीची ताई

लहान मुलांना लांबी-वजन मोजायला शिकवताना मोठ्या वर्गातल्या मुलांना सोबत घेण्याच्या चर्चेत, पहिलीपासून थेट पट्टीच हाती द्यावी, वीत-पावलांत वेळ घालवू नये, असे एक मत आले आहे. मला ते पटत नाही. एकाच फळ्याची लांबी पहिलीतल्या मुलाच्या वितीने जास्त आणि सातवीतल्या ताईच्या वितीने कमी भरते, आणि यावर वाद झाल्यावरच सर्वांसाठी एकच माप कशाला हवे हे मुलांना कळते. एकाच वयाच्या मुलांत हा फरक ठळक दिसत नाही. मोठ्या मुलांना सोबत घेण्याचा खरा फायदा माझ्या मते इथेच आहे.

पट्टी आल्यावर मुले बहुधा शून्याऐवजी १ पासून मोजतात. ३ पासून सुरू होणारी तुटकी पट्टी मुद्दाम दिली, तर शेवटचा आकडा वाचून भागत नाही, मधले सेंटिमीटर मोजावेच लागतात.

वजनासाठी विदर्भातल्या गावांत वेगळे साहित्य लागत नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरत असल्याने काटा मुलांनी पाहिलेला असतो. १ किलो कापूस आणि १ किलो तूर शेजारी ठेवली, की मोठा ढीग म्हणजे जास्त वजन हा समज डळमळतो.

मोठ्या मुलांना मात्र आधी तयार करावे लागते, कारण त्यांना उत्तर सांगून टाकण्याची घाई असते (ती आपण शिक्षकांकडूनच उचललेली!). त्यांनी आधी अंदाज विचारावा, आणि मोजमाप लहानग्यालाच करू द्यावे.