सोलापुरातील घराभोवती कमी पाण्यावर टिकणारी बाग कशी आखावी?

प्रश्न (अंगणकरीण):
नमस्कार. आमचे घर सोलापूर शहराच्या कडेला, काळ्या मातीच्या प्लॉटवर आहे. घरासमोर सुमारे 400 चौरस फुटांची हिरवळ असून दोन्ही बाजूंना पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. मागच्या अंगणात सासूबाईंनी लावलेली मोगऱ्याची चार झुडपे, एक कढीपत्ता आणि एक शेवगा आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि बोअर मार्चनंतर उचक्या देऊ लागतो. गेल्या मे महिन्यात हिरवळीसाठी दोन टँकर विकत घेतले, तरीही ती पिवळी पडली ती पडलीच. हिरवळ काढून तेथे पांढरे गोटे पसरावेत आणि निवडुंग लावावेत, असे माळीदादांचे म्हणणे आहे. तसे करणे योग्य ठरेल का? मोगरा मात्र मला गमवायचा नाही.

उत्तर (माळरान):
हिरवळ काढण्याचा विचार अगदी योग्य आहे. 400 चौरस फूट म्हणजे सुमारे 37 चौरस मीटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज 6 लिटर पाणी धरले, तरी एकट्या हिरवळीला दिवसाला 220 लिटरच्या आसपास पाणी लागते, आणि तेवढ्या पाण्यात मागची सारी झाडे आठवडाभर सुखाने राहतील. गोट्यांबाबत मात्र मी सहमत नाही. 42 अंशांच्या उन्हात ते दिवसभर तापतात आणि ती धग रात्री भिंतीला व खिडक्यांना देत राहतात. छायाचित्रात ते देखणे दिसतात, एवढेच.

त्याऐवजी कंपाउंडच्या पश्चिमेला कडुनिंब किंवा सीताफळ लावावे, म्हणजे दुपारनंतरचे ऊन अडेल. पुढे चाफा, तगर, अडुळसा, कोरफड, आणि कुंपणावर बोगनवेल असावी. कण्हेरही चिवट असते, पण ती विषारी असल्याने घरात लहान मुले असतील तर टाळावी. झाडे तहानेनुसार एकत्र लावणे सर्वांत महत्त्वाचे. मोगरा आणि कढीपत्ता मोरीजवळच्या कोपऱ्यात असावेत, बोगनवेल आणि चाफा दूर असले तरी चालते. कोरफडीशेजारी जास्वंद लावली की एकीला पाणी जास्त होते आणि दुसरीला कमी पडते.

उत्तर (काळी माती):
वरील उत्तरात पावसाचा उल्लेख राहिला आहे, आणि माझ्या मते मूळ प्रश्न तोच आहे. आपले छत 1000 चौरस फुटांचे आणि वर्षाचा पाऊस 600 मिलीमीटर धरला, गळती व बाष्पीभवनासाठी पाचवा हिस्सा वजा केला, तरी सुमारे 44,000 लिटर पाणी हाती येते. ते आज पन्हाळीतून गटारात जात असणार. पहिल्या एक-दोन सरींचे धुळकट पाणी वाहू द्यावे आणि नंतरचे 5000 लिटरच्या टाकीत घ्यावे. टाकी भरून वाहू लागेल तेव्हा जादा पाणी शोषखड्ड्यात सोडावे.

येथेच अनेकांची चूक होते. काळी माती पाणी धरून ठेवते, पण पटकन खाली जाऊ देत नाही. त्यामुळे खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल नेला नाही, तर पावसाळाभर डबके साचते आणि डास होतात. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, म्हणून खड्डा घराच्या पायापासून किमान दहा फूट दूर ठेवावा. पेव्हर ब्लॉकची एक पट्टी उचलून तेथे उथळ चर काढला, तर अंगणातले पाणीही त्याच दिशेने वळवता येईल.

उत्तर (मडकेवाला):
मोगऱ्यासाठी माझा अनुभव सांगतो. न रंगवलेले, अरुंद तोंडाचे पाच लिटरचे मातीचे मडके झुडपाजवळ गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर पणती पालथी घालावी. मडक्याला भोक पाडण्याची गरज नसते. भोवतालची माती कोरडी होईल तसे पाणी आपोआप पाझरते. विकत घेताना दुकानातच पाणी भरून थोडा वेळ थांबावे. बाहेरून अंग ओलसर झाले तरच ते घ्यावे. बोअरचे पाणी जड असल्यास छिद्रे क्षारांनी बुजतात, त्यामुळे वर्षातून एकदा मडके काढून काथ्याने घासावे लागते.

झाडांच्या आळ्यांत उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला तीन-चार इंच जाड पसरावा, मात्र खोडाला चिकटू देऊ नये. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या अंगणातल्या उघड्या मातीला हाताचा पंजा उभा जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि दोन पावलांवर पाचटाखाली बोट घातले तर माती गार आणि ओलसर लागत होती.

एक सावधगिरी: कपडे धुण्याच्या यंत्राचे साबणाचे पाणी रोज घालू नये. त्यातल्या सोडियममुळे काळी माती घट्ट होते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी मात्र निर्धास्त घालावे.

अंगणकरीण:
सर्वांचे मनापासून आभार. गोट्यांचा बेत रद्द केला आहे. एक शंका आहे: मोगऱ्याला फुले भरघोस यावीत म्हणून सासूबाई थंडीत त्याचे पाणी तोडत असत, मडके पुरले तर तो ताण कसा द्यायचा?

मडकेवाला:
डिसेंबरात मडके रिकामे ठेवावे. जानेवारीच्या अखेरीस छाटणी करून, शेणखत घालून, मगच ते पुन्हा भरू लागावे. सासूबाईंची पद्धत मोडण्याचे काहीच कारण नाही.

अंगणकरीण:
कळले. काल पुढच्या कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला. चार फुटांवर मुरूम लागला. दोन बादल्या पाणी ओतून पाहिले, तर चहा होईपर्यंत मुरून गेले.