स्वतः छापलेला कथासंग्रह, वाचनालयातला कार्यक्रम आणि पत्र्याचं छप्पर: वाचू की बोलू?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. कथासंग्रह स्वखर्चाने छापला आहे. प्रकाशक मीच, विक्रेताही मीच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचनालयाने ऑगस्टअखेरीस 'लेखक भेटीला' ठेवलंय. पत्रिकेत मला ३० मिनिटं आणि पुढे १५ मिनिटं प्रश्नोत्तरं. साठ-सत्तर माणसं येतील म्हणतात, निम्मे निवृत्त शिक्षक आणि बँकवाले, बाकी कॉलेजची मुलं. सभागृह पत्र्याचं, माइक एक.

अडचणी अशा. कथा वाचून दाखवू की कथांबद्दल बोलू? संवाद कुडाळकडच्या मालवणीत आहेत आणि श्रोते चिपळूण-संगमेश्वरकडचे. 'तुम्हाला सुचतं कसं?' हा प्रश्न येणारच, त्याला काय सांगायचं? आणि मुख्य म्हणजे ऐकवण्यासाठी कथेत बदल करत गेलं की मूळ कथा बिघडते का? पुस्तकं किती न्यावीत हेही सांगा. 'आत्मविश्वास ठेवा, छान होईल' सोडून काहीही चालेल.

माडाखाली

आधी वेळेचं बोलू. पत्रिकेतली ३० मिनिटं तुमची नाहीत. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय आणि कुणाचे तरी 'दोन शब्द' यात दहा मिनिटं जातात. कार्यक्रम मात्र ठरल्या वेळीच संपतो, कारण अर्ध्या लोकांना एसटी धरायची असते. २० मिनिटांची तयारी करा आणि वेळ पडली तर १४ मिनिटांत आटोपता येईल, असा एक मधला तुकडा आधीच खूण करून ठेवा. कापायचा तो मधला भाग. शेवट कापला तर लोकांना कार्यक्रम अर्धवट राहिल्यासारखा वाटतो.

वाचणं आणि बोलणं दोन्ही हवं. २० पैकी नऊ-दहा मिनिटं वाचन, तेही दोन तुकड्यांत. मंचावरून मराठी गद्य मिनिटाला १०० ते १२० शब्दांच्या वर गेलं की मागच्या रांगेला नुसता आवाज पोचतो, अर्थ पोचत नाही. म्हणजे हातात जेमतेम हजार शब्द आहेत. घरी घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने वाचा. मनातल्या वाचनावरून काढलेला अंदाज हमखास चुकतो.

उतारा निवडताना तुमचा सर्वांत लाडका बाजूला ठेवा. तो बहुधा कथेच्या शेवटाकडचा असतो आणि समजायला मागची दहा पानं लागतात. दोनच पात्रं, एकच जागा आणि दोन वाक्यांत सांगून होईल एवढीच पार्श्वभूमी असा भाग शोधा. कलाटणीच्या अलीकडे थांबा. पुढचं वाचायला पुस्तक आहेच.

आता खरं काम. पुस्तकातून थेट वाचू नका, वाचनाची वेगळी प्रत तयार करा. छापील पानावर अवतरणचिन्हं आणि नवा परिच्छेद सांगतो की बोलणारा बदलला. कानाला ती चिन्हं दिसत नाहीत. त्यामुळे जिथे आवाजावरून कळत नाही तिथे 'तो म्हणाला'ऐवजी पात्राचं नाव घाला आणि जिथे कळतंय तिथे 'म्हणाला' काढूनच टाका. 'त्याने त्याला त्याचं' अशी सर्वनामांची माळ ऐकताना तुटते, एका जागी तरी नाव हवं. पंधरा-अठरा शब्दांपेक्षा लांब वाक्य असेल तर दोन करा, विशेषतः 'ज्याने... त्याने' पद्धतीचं. ऐकणाऱ्याला मागचा 'ज्याने' परत जाऊन वाचता येत नाही.

छपाई: १८ पॉइंट अक्षर, दीडपट ओळ-अंतर, कागदाच्या एकाच बाजूला. श्वास जिथे घ्यायचा तिथे ओळ तोडा. पानाचा खालचा तिसरा भाग कोरा सोडा, नाहीतर शेवटच्या ओळींना मान खाली जाते आणि आवाज छातीत पडतो. असं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, वेळेचा हिशेब आपोआप होतो. वाक्य पान उलटताना तुटता कामा नये. स्टेपल मारू नका, मोठे पृष्ठांक टाका आणि परीक्षेच्या पॅडला क्लिप लावून धरा, कारण डोक्यावर पंखा असणार. इंकजेटची प्रत ऑगस्टच्या दमट हवेत ओल्या बोटाने पसरते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या.

माइक हातात धरायचा असेल तर पॅड कुठे धरणार? स्टँड आधीच मागा. तोंडापासून चार बोटं ते एक वीत अंतर, हनुवटीच्या उंचीवर, किंचित बाजूला कललेला. समोरासमोर धरला की प, फ, भ यांचा फुत्कार थेट जाळीवर आदळतो आणि 'भाऊ' म्हटलं की फटाका वाजतो. जाळी मुठीत धरली की शिट्टी सुरू होते. स्पीकरचे खोके तुमच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. ते मागे असतील तर माइक त्यांचाच आवाज पुन्हा उचलतो. चाचणीला 'हॅलो हॅलो' नको, पहिला परिच्छेद वाचा आणि एकाला शेवटच्या रांगेत उभं करा. भरलेलं सभागृह आवाज शोषतं, म्हणून रिकाम्यात बरोबर वाटेल त्यापेक्षा जरा चढा ठेवा.

आणि पाऊस. पत्र्यावर जोराची सर आली की कुठलाही माइक हरतो. आवाज वाढवायला जाल तर फक्त शिट्टी वाढेल. सर साधारण काही मिनिटांत ओसरते, तेवढं थांबा. थांबायच्या जागा प्रतीत आधीच लाल पेनाने दाखवून ठेवा, म्हणजे परत सुरू करताना कुठे होतो ते शोधावं लागत नाही. संततधार असेल तर मागच्या रांगांना पुढे बोलवा आणि मंचावरून खाली उतरा. वीज गेली तरी हेच करायचं. विजेरी सोबत ठेवा. मोबाइलवरून वाचण्याचा बेत असेल तर सोडा, नेमका वाचनातच फोन वाजतो.

भजी-चहा आग्रहाने आधी येईल. नंतर घ्या. तेलकटाने घसा धरतो.

पायपेटी

वरचं सगळं पटलं. एक भर: सुरुवातीला 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणून सात नावं घेतलीत तर दोन मिनिटं गेली. पण आपल्याकडे अध्यक्षांचं नाव गाळलं तर लक्षात राहतं. अध्यक्ष आणि वाचनालय एवढीच नावं एका वाक्यात घ्या आणि थेट कथेत शिरा. पहिली तीन वाक्यं तोंडपाठ हवीत. हात कापतात ते तेव्हाच, त्या वेळी कागदाकडे बघायची गरज पडू नये.

मालवणीबद्दल. 'माका', 'तुका', 'खंय' कुणालाही कळतं, शब्दार्थ सांगत बसू नका. घोटाळा क्रियापदाचा होतो. 'बाबल्या बाजारात गेलो' (मालवणीत याचा अर्थ 'गेला') हे चिपळूणच्या कानाला 'मी गेलो' असं ऐकू येतं आणि श्रोता अर्धा क्षण अडखळतो. सलग चार वाक्यांत असं झालं की तो कथेबाहेर जातो. यावर उपाय म्हणजे संवादाच्या आधीचं निवेदनाचं वाक्य. 'बाबल्या बाजारात गेल्याचं आईला सांगायला कुणी धजेना' असं प्रमाण मराठीत आधी सांगा आणि मग संवाद जसाच्या तसा येऊ द्या. अर्थ आधी, बोली मागून. उलट केलंत तर ते भाषांतर वाटतं. झिल (मुलगा), चेडू (मुलगी), घोव (नवरा) असे शब्द संदर्भातून कळतील असेच उतारे घ्या.

दुसरा धोका जास्त मोठा आहे. नाटकांमुळे मालवणी म्हणजे विनोद अशी लोकांची सवय झाली आहे. अगदी गंभीर वाक्यालाही हशा येतो. तो आला तर रागावून उपयोग नाही. गंभीर संवादाच्या आधी वेग निम्मा करा, दोन सेकंद पूर्ण थांबा आणि आवाज वर न नेता खाली आणा. हेल काढून, हातवारे करून वाचलंत तर हशा तुम्हीच मागितला असं होईल.

बोलण्याच्या भागासाठी दशावतारी नाटकाची पद्धत घ्या. तिथे संवादांची लिखित संहिता नसते. नटाला आख्यान माहीत असतं, प्रसंगांचा क्रम ठरलेला असतो, कोण कुणाशी भांडणार हे ठरलेलं असतं आणि शब्द रंगमंचावर येतात. समोरच्या नटाने लांबवलं तर लांबतं, पण प्रसंग जिथे पोचायचा तिथे पोचतोच. तुमच्या दहा मिनिटांचे चार प्रसंग करा. प्रत्येकाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य लिहून पाठ, मधलं मोकळं. सगळं भाषण पाठ केलं की एक शब्द विसरला तरी पुढचं सगळं अडतं. काहीच न ठरवता गेलात तर पहिलाच प्रसंग वीस मिनिटं खातो.

सुरंगी

'सुचतं कसं' या प्रश्नाला प्रतिभा, प्रेरणा, समुद्राची गाज वगैरे सांगू नका. विचारणाऱ्याला बहुतेकदा स्वतःला लिहायचं असतं. त्याला कागद दाखवा. एका कथेच्या पहिल्या खर्ड्यातलं एक पान आणि तेच छापलेलं पान, दोन्ही शेजारी शेजारी मोठं करून झेरॉक्स काढा. तीन बदल सांगा आणि प्रत्येकाचं कारण सांगा: इथे निवेदक बोलत होता, आता पात्र बोलतं. इथे पावसाचं वर्णन होतं, ते काढलं कारण पुढच्या वाक्यात छत्री आहे. इथे शेवट समजावून सांगितला होता, तो कापला. चार मिनिटांत होतं आणि कॉलेजची मुलं हेच घरी घेऊन जातात.

आपल्या भागात दुसरा प्रश्न ठरलेला असतो: 'तो सरपंच म्हणजे अमकाच ना?' हो म्हणू नका आणि मिश्कील हसूनही घेऊ नका, हसणं म्हणजे होच. 'पात्र अनेकांतून जुळवलेलं आहे' एवढं सरळ बोला आणि पुढचा हात बघा. गाव लहान असतं. बदनामी हा भारतीय न्याय संहितेत (कलम ३५६) गुन्हा आहे आणि कथेवर 'काल्पनिक' लिहून मंचावरून खूण केलीत तर त्या शब्दाला काय अर्थ उरतो? प्रश्न आला की तो माइकवर स्वतः एकदा सांगा. मागच्यांना ऐकू येतो, तुम्हाला विचार करायला दहा सेकंद मिळतात आणि प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणाऱ्याचं एका वाक्यात आवरतं.

आता कथा बिघडते का? माझ्या मते बिघडते, जर दोन प्रती वेगळ्या ठेवल्या नाहीत तर. मंचावर टाळीचं वाक्य जिंकतं आणि संथ, शांत परिच्छेद हरतो. कागदावर नेमका तोच परिच्छेद कथा उचलून धरत असतो. लोक चुळबुळ करतात म्हणून तो कापलात, की पुढच्या आवृत्तीत कथा नुसत्या चुरचुरीत वाक्यांची होते. म्हणून छापील फाइल आणि वाचनाची फाइल वेगळी. वाचनातून मूळ फाइलीत फक्त तीनच प्रकारच्या दुरुस्त्या परत न्यायच्या: जिथे प्रत्येक वेळी जीभ अडखळते (बहुधा जोडाक्षरांची गर्दी किंवा 'ला-ला-ला' प्रत्यय असतात), जिथे कोण बोलतंय ते दोघा-तिघांनी विचारलं, आणि जिथे कुणी माहितीची चूक दाखवली. भरतीची वेळ, भाताची जात, बोटीचा भाग असल्या चुका कोकणातले श्रोते सोडत नाहीत, आणि ते चांगलंच आहे.

आणखी एक: अशा कार्यक्रमांच्या तयारीत पुढचं लिहिणं मागे पडू शकतं, आणि त्याचं कारण म्हणजे दर कार्यक्रमाला नवं भाषण. वर्षाला एकच भाषण बांधा, गावागणिक उतारा बदला.

खाडीकाठ

भरभरून लिहिलंत, आभार. कळलं की आयोजक सगळं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकणार आहेत. संग्रहाबाहेरची एक नवी कथा वाचायचा विचार होता, ती दिवाळी अंकालाही पाठवली आहे. चालेल?

ओहोटी

ती कथा वाचू नका. दिवाळी अंक साधारणपणे अप्रकाशित कथाच मागतात. पूर्ण कथा जालावर ऐकायला मिळत असेल तर संपादक हरकत घेऊ शकतात आणि ती हरकत रास्त आहे. फारच मोह झाला तर पहिली दोन पानं वाचा. बाकी चित्रीकरणाबद्दल आधीच लेखी, म्हणजे व्हॉट्सॲपवर का होईना, ठरवा: काय टाकायचं, किती मिनिटांचं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कथा लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क तुमचा आहे. कार्यक्रम त्यांचा असला म्हणून तो त्यांच्याकडे जात नाही. प्रश्नोत्तरं खुशाल टाकू देत, त्यातूनच पुढची आमंत्रणं येतात. मानधन आणि प्रवासखर्चाचं याच निरोपात विचारा. समोर उभं राहून विचारणं दोघांनाही जड जातं.

पुस्तकं: साठ माणसांना २० प्रती पुरे. दहा-बारा गेल्या तर कार्यक्रम चांगला झाला म्हणायचं. उरलेलं ओझं पावसात परत न्यायचं असतं. प्रत्येक पाच प्रती वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, कारण एक गठ्ठा फुटून दमट झाला की मुखपृष्ठं वळतात आणि परत सरळ होत नाहीत. टेबल मंचाजवळ नको, बाहेर जायच्या दाराशी हवं, छपराखाली. विकायला दुसरं कुणी बसवा, तुम्ही फक्त सही करा. नाव आधी चिठ्ठीवर लिहून घ्या, 'दीपाली'ची वेलांटी चुकली तर ती प्रत गेली. क्यूआर छापून न्या, पण पत्र्याखाली नेटवर्क नसेल हे धरून दहा-वीस-पन्नासच्या सुट्ट्या नोटा ठेवा. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, कुणी बिल मागितलं तर साधं बिल द्या. वाचनालयाला एक प्रत भेट द्याल ती मंचावर द्या आणि ग्रंथपालांना खरेदीसाठी बिल कुणाच्या नावाने लागतं ते तिथेच विचारा.

जाता जाता: प्रकाशक तुम्हीच, म्हणजे १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याने प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची जबाबदारीही तुमचीच. स्वतः छापणारे बरेच जण हे विसरतात.

माडाखाली

ओहोटींच्या टेबलाबद्दल थोडा मतभेद. दाराशी ठेवलं आणि सर आली की सगळे छत्र्या शोधत तिथेच गर्दी करतात, पुस्तकांवर पाणी ठिबकतं. दारापासून दोन-तीन हात आत, भिंतीला लागून ठेवा आणि छत्र्यांसाठी बादली दुसऱ्या बाजूला ठेवायला सांगा.