ऑन्टॉलॉजी: सत्तामीमांसा म्हणायचं की दुसरं काही?

भौगोलिक डेटावरचं एक प्रकरण मराठीत लिहितेय आणि 'ऑन्टॉलॉजी'पाशी चार दिवस अडलेय, म्हणजे कुठल्या प्रकारच्या गोष्टी आहेत याचा विचार, आणि डेटाच्या कामात त्याची लिहून ठेवलेली मांडणी. तत्त्वज्ञानात सत्ताशास्त्र, सत्तामीमांसा चालतं, पण 'नद्यांच्या डेटाची सत्तामीमांसा' वाचून कुणाला काय कळणार? सुचतंय का काही?

—

सत्ता नको तर अस्तित्वमीमांसा घ्या. ग्रीकमध्ये 'ऑन' म्हणजे जे आहे ते, त्यामुळे अर्थ चपखल बसतो.

—

व्युत्पत्तीला बसतो हो, वापराला नाही बसत. तत्त्वज्ञानात ऑन्टॉलॉजी ही एक शाखा, पण कॉम्प्युटरवाल्यांच्या ऑन्टॉलॉज्या ढीगभर असतात, फाइल म्हणून उतरवून घेता येतात. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली केलेली व्याख्या बघा, आपण जग कसं कल्पलंय ते उघडपणे, नेमकं मांडून ठेवणं असा तिचा रोख आहे. म्हणजे जगात काय आहे यापेक्षा आपण काय काय धरून चाललोय ते.

नदीच घ्या ना. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशात रिव्हर वेगळी नि स्ट्रीम वेगळा, आणि कसोटी काय, तर धडधाकट माणसाला उडी मारून ओलांडता यावा तो स्ट्रीम! जिओनेम्स या जगभरच्या स्थळनावांच्या डेटाबेसमध्ये मात्र दोन्ही 'एसटीएम' या एकाच कोडात. फ्रेंचमध्ये समुद्राला मिळते ती फ्लव, दुसऱ्या नदीला मिळते ती रिव्हिएर, तिथे रुंदीचा संबंधच नाही. आणि आपल्याकडे ओढा, ओहोळ, नाला, वहाळ, पऱ्ह्या. आता हे सगळे तक्ते एकत्र करायला बसा, कुठल्या शब्दामागे कुठली कसोटी ते लिहिलेलं नसेल तर नकाशा दिसायला छान आणि आतून सगळा घोळ. मी हे एकदा निस्तरलंय, ओढे नि गटारं एकाच निळ्या रेषेत आली होती.

—

म्हणजे 'नदी आटली' आणि 'नदी ओलांडली' यातली नदीसुद्धा एक नाही! पहिलीत पाणी, दुसरीत पात्र.

—

अगदी बरोबर पकडलंत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या यिंडजिबार्न्डी भाषेत 'वुंडू' म्हणजे पात्रच, कोरडं असलं तरी वुंडूच, पाण्याला शब्द वेगळे. डेव्हिड मार्क आणि अँड्र्यू टर्क या संशोधकांनी त्यावर बारकाईने काम केलंय. म्हणून पात्र आणि पाणी या दोन संकल्पना ठेवा, एकीत कोंबू नका.

शब्दाचं म्हणाल तर माझं मत: शाखा म्हणजे अस्तित्वमीमांसा, फाइल म्हणजे सरळ ऑन्टॉलॉजी, आणि एकाच कामापुरतं कन्सेप्च्युअल मॉडेल असेल तर संकल्पनांचा आराखडा.

—

चालेल, तसंच करते. अजून एक, 'फियाट बाउंडरी'ला काय? किनारा निसर्गातच असतो पण जिल्ह्याची हद्द माणसाने ठरवलेली, ती.

—

मानीव हद्द. कायद्याच्या मराठीत 'मानीव' रुळलेला आहेच. डोंगराचा पायथा कुठे सुरू होतो, तीही मानीवच.