शब्दचर्चा : रानअळंबीचे ‘गुण’ की ‘गुणधर्म’?

प्रश्न

रानात आपोआप उगवणाऱ्या मशरूमवरच्या संशोधनाचा एक लेख मराठीत करतोय आणि तिसऱ्याच ओळीत अडकलोय. वाइल्ड मशरूममध्ये उपयुक्त प्रॉपर्टीज आढळल्या आहेत आणि एकूणच फंगस या गटाकडे औषधांचा स्रोत म्हणून पाहायला हवं, असं ते वाक्य आहे. माझा पहिला खर्डा : ‘अनेक रानटी बुरश्या गुणकारी असतात.’ वाचून माझं मलाच कसंसं झालं. ‘वन्य भूछत्रे’ म्हटलं तर सरकारी परिपत्रक वाटतं. आणि ‘अळंबी’ लिहायचं तर ती अळंबी की ते अळंबे?

प्रतिसाद १

आधी शेवटचं. मुळात ते अळंबे, अनेकवचनी ती अळंबी, केळे-केळी तसं. पुढे अनेकवचनालाच लोक स्त्रीलिंगी एकवचन समजू लागले आणि ‘ही अळंबी’ रुळली. शेतीच्या पुस्तिकांत तर ‘अळिंबी’ छापतात, ‘धिंगरी अळिंबी’ वगैरे. ‘अळंब्यांचा’ म्हणताना तसाही फरक कळत नाही, त्यामुळे भांडण्यात अर्थ नाही. एक रूप धरा आणि लेखभर तेच ठेवा.

‘बुरशी’ मात्र मशरूमला नको. क्रियापदंच बघा. बुरशी लागते, धरते, चढते. अळंबी उगवते, फुटते. बुरशी दुसऱ्या कशावर तरी येते आणि ती वस्तू वाया गेली असं आपण समजतो. अळंबीला मात्र स्वतःचं अंग आहे. दोन्ही एकाच कुळातल्या, हे बोलीला ठाऊक नव्हतं. पिकांवरच्या तांबेरा, काणी, भुरी या बुरशीजन्य रोगांना कुणी बुरशी म्हणून एकत्र मोजलं नाही. गजकर्णालाही नाही. प्रत्येकाला स्वतंत्र नाव, कारण प्रत्येकाचा त्रास स्वतंत्र.

प्रतिसाद २

म्हणूनच फंगस या अख्ख्या गटासाठी ‘कवक’ हवं. पण हा शब्द परिभाषा समितीने खोलीत बसून घडवला असा समज असेल तर तो सोडा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा यांच्या पंगतीला ‘कवकानि’ वर्ज्य म्हणून येतात. तिथे अर्थ सरळ अळंबी असाच आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या छत्रीचं नाव पुढे अख्ख्या सृष्टीला (किंग्डमला) दिलं गेलं. गंमत म्हणजे लॅटिन ‘फंगस’ आणि ग्रीक ‘मायकीस’ यांचंही हेच झालं, दोन्ही मूळचे अळंबीवाचकच.

आणि ‘सृष्टी’ म्हणायला आधार आहे. १९६९ साली व्हिटकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टींची मांडणी केली, तेव्हा कवकांना वनस्पतींपासून वेगळं काढलं. त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, किड्यांच्या कवचात असतं तेच. ते आधी सापडलं कुठे? ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८११ मध्ये, अळंब्यांत. किड्यांची पाळी नंतर आली. त्यामुळे लेखात चुकूनही ‘ही वनस्पती’ असं लिहू नका.

संस्कृतात आणखी एक देखणा शब्द आहे, ‘शिलीन्ध्र’. कन्नड-तेलुगूने फंगससाठी तोच उचलला, आपण सोडला. मेघदूतात मेघाचं गर्जित जमिनीला ‘उच्छिलीन्ध्रा’ करतं, म्हणजे गडगडाट झाला की अळंबी वर येते. नुसती कविकल्पना म्हणून हसू नका. जपानमधल्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी लाकडाच्या ओंडक्यांना विजेचे अतिउच्च दाबाचे क्षणिक झटके देऊन पाहिले, आणि शिटाके या खाण्याच्या अळंबीचं उत्पादन वाढलं.

प्रतिसाद ३

‘रानटी बुरशी’ वाचून ती भाला घेऊन धावत येतेय असं वाटलं. रानभाजी, रानफळ, रानडुक्कर चालतं ना? मग रानअळंबी.

प्रतिसाद ४

तुम्ही सगळे नामावर अडलात, माझा आक्षेप ‘गुणकारी’वर आहे.

मराठीत गुण येतो म्हणजे माणसाला बरं वाटतं. आता अशा संशोधनात बहुतेक वेळा काय झालेलं असतं? अळंबी वाळवली, दळली, मेथॅनॉलमध्ये भिजवून अर्क काढला. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं गडद जांभळं द्रावण असतं, त्यात तो अर्क घातला. जांभळा रंग उतरत उतरत पिवळ्यावर आला. किती उतरला ते ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजलं. झाली अँटिऑक्सिडंट प्रॉपर्टी. हा त्या अर्काचा गुणधर्म, मीठ विरघळतं तसा. काचेच्या नळीत रंग उडाला म्हणून कुणाला गुण आला असं होत नाही. शिवाय मेथॅनॉलमधला अर्क वेगळा आणि अळंबी खाणं वेगळं. (माणसालाही ‘अर्क’ म्हणतात, ते विसरू नका. जपून हाताळावा लागतो तो दोन्हीकडे.)

खरा ‘गुण’ कसा असतो ते पेनिसिलिनमध्ये दिसतं. फ्लेमिंग यांना १९२८ साली बशीतल्या बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळलेले दिसले. हा गुणधर्म. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला ते औषध टोचलं, ताप उतरला, तो जेवू लागला. हा गुण. मग साठा संपला, त्याच्याच लघवीतून औषध परत काढून वापरलं तरी पुरलं नाही आणि तो गेला. दोन शब्दांमध्ये १३ वर्षं आहेत.

आणि हेही पाहा, की पेनिसिलिन बुरशीचं. कोलेस्टेरॉल उतरवणारं लोव्हास्टॅटिन (औषध म्हणून मान्यता १९८७) अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीचं. अवयव रोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिनही मातीतल्या बुरशीचं. छत्रीवाल्यांपैकी शिटाकेतलं लेंटिनान हे द्रव्य जपानमध्ये कर्करोगाच्या उपचारांना जोड म्हणून वापरलं गेलं, तेही टोचून, खाऊन नाही. ज्या शब्दाचं तुम्हाला कसंसं झालं त्या बुरशीचीच दवाखान्यात जास्त चलती आहे.

प्रतिसाद ५

‘कुत्र्याची छत्री’ राहिलीच. आमच्याकडे समज असा, की अळंबी खायची आणि कुत्र्याची छत्री विषारी. शास्त्रात अशी दोन कुळं नाहीत. एकाच प्रजातीला एक माणूस अळंबी म्हणेल, दुसरा छत्री. अमॅनिटा फॅलॉइडिस ही जीवघेणी अळंबी दिसायला साधी, फिकट हिरवट. खाल्ल्यावर बहुधा सहा ते बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग थोडं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळात यकृत निकामी होत असतं. शिजवून विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडणं, किड्यांनी खाल्लेली असणं, या खुणा कुचकामी. लेखात ‘कुत्र्याची छत्री म्हणजे विषारी अळंबी’ अशी व्याख्या देऊ नका, एवढंच.

प्रश्नकर्ता

आभार. वाक्य आता असं केलंय : ‘अनेक रानअळंब्यांच्या अर्कांमध्ये उपयुक्त ठरू शकतील असे गुणधर्म प्रयोगशाळेत आढळले आहेत, औषधांचा स्रोत म्हणून एकूण कवकसृष्टीकडेच पाहायला हवे.’ लांबलं, पण खोटं नाही. ‘बुरशी’ मी पेनिसिलिनच्या परिच्छेदात ठेवतोय, तिथे ती शोभते.

आता पुढचा अडथळा. जमिनीखाली पसरलेल्या धाग्यांना ‘कवकजाल’ म्हणतात, वर दिसतं ते ‘फलकाय’. ‘फलकाय’ वाचून कुणाला काही कळेल का? की ‘अळंबी हे त्या जाळ्याचं फळ’ असं मोकळं लिहू?

प्रतिसाद १

मोकळं लिहा. पण मग ‘ते अळंबे’ करा, ‘फळ’ नपुंसकलिंगी आहे, कानाला बरं लागेल.